अक्का, ट्राम चढाला भ्यायली नव्हती

लक्ष्मक्का, अन्याय झाला तो तुझ्यावर आणि चिंचमाळावरच्या प्रत्येक विडीवाल्या बाईवर. तो झाला यंदाच्या दसऱ्याला, सकाळी, मिलचा भोंगा होऊन गेल्यावर, जकात नाक्याच्या पुढच्या चढावर. करणारे गाडीत बसले होते. सोसणाऱ्या गाडी ढकलत होत्या. हे आधी लिहून मोकळी होते, कारण परवाच्या तुझ्या शोकसभेत याबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. तुझ्यासाठी सगळ्यांना दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं तेव्हा मी बसून राहिले. शेजारच्या बाईला वाटलं मला चक्कर आली. चक्कर नव्हती अक्का, शिसारी होती.

तू जन्मलीस कुठे, शिकलीस किती, मागे कोण कोण, हे मी लिहिणार नाही. ते वाहतूक समितीच्या सभापतींनी वाचून दाखवलं आणि बहुतेक चुकीचं वाचलं. तुला त्यांनी लक्ष्मीबाई केलं. 'प्रगतीच्या वाटेवरच्या मूक प्रवासी' असंही म्हणाले. मूक, आणि तू! तुझा आवाज आला की नाक्यावरचा शिपाई खुर्ची आत ओढायचा. विडी कारखान्यातला तपासणारा कारकून तुझी टोपली समोर यायच्या आधी चहा मागवून घ्यायचा, कारण तुझ्या विड्या छाटात, म्हणजे नापासांच्या ढिगात टाकायच्या तर घसा ओला लागतो, हे त्याला अनुभवाने कळलं होतं.

व्यासपीठावर तुझा फोटो होता. तो आला कुठून हे मला कळेना. तू कधी फोटोच्या दुकानाची पायरी चढली नव्हतीस. जवळ जाऊन पाहिला आणि ओळखला. दसऱ्याचा तो फोटो. चढावर एका वार्ताहराने काढलेला आणि कुठल्याच पेपरात न आलेला. मूळ फोटो मी पाहिलाय. त्यात ट्रामची मागची बाजू आहे, तिला लावलेले आपले हात आहेत, तुझ्या शेजारी पदर खोचलेली मी आहे, आणि वरच्या खिडकीतून बाहेर आलेलं सभापतींचं कोपर आहे, झेंडूच्या माळेसकट. कुणीतरी ट्राम कापली, हात कापले, मला कापलं, ते कोपर तर फारच निगुतीने कापलं, आणि तुझं तेवढं तोंड मोठं करून चौकटीत बसवलं. तोंड उघडं आहे. लोक म्हणत होते, किती मोकळं हसायच्या बाई. अक्का, तू हसत नव्हतीस. तुला दम लागला होता. तुझ्या दम लागलेल्या तोंडाला त्यांनी हार घातला आणि रुमालाने डोळे पुसले.

तुझी माझी ओळख कारखान्याच्या दारात झाली. मी बार्शीची, कॉलेजसाठी सोलापूरला आलेली आणि पत्रकं वाटता वाटता इथलीच झालेली. विड्या देऊन बाहेर पडणाऱ्या बायांच्या हातात मी एकेक पत्रक ठेवत होते. तू घेतलंस, उलटंसुलटं केलंस, आणि बोलता बोलता त्याची विडी वळलीस. खरोखरीची, टोक मुडपून.

"हे बघ," तू म्हणालीस, "दिसायला कशी सरळ हाय! पण ओढली तर इझती. आत तंबाखूच न्हाय. तुझं पत्रक छाटात गं चेल्ली."

चेल्ली म्हणजे तुमच्या तेलुगूत धाकटी बहीण, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला ती शिवी वाटली होती. आत काय नाही ते तू मला तिथेच उभं राहून सांगितलंस. तुला कुणाच्या क्रांतीत रस नव्हता. तुला गावातली मोटार, म्हणजे बस, हवी होती. "नाक्यापत्तूर येती ती मोटार. म्होरं येत न्हाय. म्होरं आमी ऱ्हातो. हे लिही."

मी लिहिलं, आणि त्यानंतर दुसरं फारसं काही लिहिलं नाही. मिलच्या मागच्या झोपड्यांतून तुम्हाला उचलून चिंचमाळावर आणून टाकलं, तेव्हा घरं देणाऱ्यांनी पाण्याची टाकी दिली आणि मोटारीचा शब्द दिला. टाकीत पाणी यायचं. मोटार नाक्यावरूनच वळून स्टेशनकडे जायची. विडीचं काम तुम्ही घरी करता, पण पान, तंबाखू आणि सूत आणायला आणि वळलेल्या विड्या द्यायला रोज कारखाना गाठावाच लागतो. जाताना उतार. येताना डोक्यावर ओल्या पोत्यात गुंडाळलेलं पान, आणि समोर चढ. छातीत इतक्या वर्षांची तंबाखूची धूळ. त्या चढावर तुझी धाप मी पाठीमागून ऐकत आलेय अक्का. तू ती लपवायला मध्येच गाणं म्हणायचीस, आणि मी ती ऐकली नाही असं दाखवायला मध्येच भांडण काढायचे.

मग ही डिझेलची टंचाई आली. मोटारी कमी झाल्या, फेऱ्या कापल्या, आणि एक दिवस बातमी आली की एका कंपनीने विजेच्या बॅटरीवर चालणारी लांब गाडी चाचणीसाठी देऊ केलीय. तिला डिझेल लागत नाही, धूर नाही, आवाज नाही. आणि जकात नाक्याची लाइन वाढवून ही गाडी थेट चिंचमाळाच्या टाकीपर्यंत सोडणार. गाडी आली तेव्हा सगळी वसाहत बघायला खाली उतरली होती. आवाज नसल्यामुळे म्हशी बाजूला होईनात, म्हणून तिला पितळी घंटा लावली होती. जन्मभर मुंबईच्या गिरणीत काढून परत आलेल्या रसूलचाचांनी ती घंटा ऐकली आणि दोन्ही हात डोक्याला लावले. "अरे ये तो ट्रामच है बाबा! पटरी नक्को, तार नक्को, फिर भी ट्रामच है!" त्या दिवसापासून ती ट्राम झाली. कागदावर तिला काही का म्हणेनात.

चाचणी आपण दोघींनी डोळ्यांनी पाहिली. श्रावण सरला होता. माणसांच्या वजनाच्या जागी वाळूच्या गोण्या भरल्या होत्या, सीटवर एकेक गोणी, नीट टेकवून बसवलेली. ट्राम नाक्यावरून निघाली, चढाला लागली, हळू झाली, पण थांबली नाही. टाकीला वळसा घालून घंटा वाजवत खाली आली. तू टाळ्या वाजवल्यास आणि मला कोपराने ढोसलंस.

"बघ की! रेती बसून फिरायली. पुढच्या जन्मी रेती हुईन बघ मी."

हा विनोद होता तेव्हा. आता तो मला विनोद वाटत नाही. या गावात वाळूच्या गोण्यांना ट्रामने चिंचमाळ पाहायला मिळाला. तुला मिळाला नाही.

आता खंडेनवमीचं लिहिते. तू मला ते लिहू दिलं नव्हतंस, आणि यावरूनच आपलं भांडण अर्धवट राहिलंय. आज का लिहिते ते पुढे सांगते, तोवर रागावू नकोस.

ट्राम रात्री शेडमध्ये आणून भिंतीला लावलेल्या कपाटाएवढ्या चार्जरला जोडायची, रात्रभर वीज खायला घालायची, मग सकाळी ती चालते. ते काम शिवप्पाचं. शिवप्पा आपल्या चिंचमाळावरचाच, तुझ्या शेजारच्या खोलीतला. दसऱ्याचा मुहूर्त साधून लाइन सुरू करायची ठरली. अष्टमीला ट्राम रंगवायला आणि माळा बांधायला बाहेर नेली होती, ती परत आली तेव्हा बॅटरी निम्म्यावर आली होती. नवमीला ती रात्रभर जोडून ठेवायची होती. आणि नवमी म्हणजे खंडेनवमी. शेडमधल्या लोकांनी नट आवळायचे पाने धुतले, हातोड्या धुतल्या, जॅकला हळदकुंकू लावलं, सगळ्यांना झेंडू वाहिला. चार्जर नवा होता, मोठा होता, म्हणून त्याला सगळ्यांत मोठा हार. आणि पूजा झालेल्या हत्याराला त्या दिवशी कामाला लावायचं नसतं. शिवप्पाने बटण बंद केलं, हात जोडले आणि घरी जाऊन पुरणपोळी खाल्ली.

डिझेलच्या मोटारींना यानं काही होत नाही. पाने विसावा घेतात आणि मोटार सकाळी चालते. आजवर प्रत्येक खंडेनवमीला असंच झालं होतं. या नव्या गाडीचं जेवणच त्या हत्यारातून येतं, हे शेडमधल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही. हार घालताना शिवप्पाच्या मनात भक्ती होती. त्याच्यावर मला आजही राग धरता येत नाही.

राग आहे तो सकाळचा. दसऱ्याच्या सकाळी ड्रायव्हरने काटा पाहिला आणि सांगितलं, साहेब, चार्ज कमी आहे. शिवप्पाने, ज्याची बोबडी वळली होती त्या शिवप्पाने, हात जोडून सांगितलं, साहेब, इथून सरळ नाका आणि नाक्यावरून सरळ टाकी, एवढं होईल, दुसरीकडे फिरवू नका. सभापती म्हणाले, बघू. आणि बघितलं काय? ट्राम आधी त्यांच्या घरी गेली, कारण घरच्या बायकांना तिला ओवाळायचं होतं. मग बॅन्डमागून बाजारातून, मग तळ्याला वळसा, मग परत त्यांच्याच घरी, कारण पाहुणे बसायचे राहिले होते. बॅन्डच्या चालीने, थांबत, घंटा वाजवत, दिवसाढवळ्या सगळे दिवे लावून. चिंचमाळासाठी राहिलेली वीज या माणसाने आपल्या वरातीत जाळली.

आपण नाक्यावर उभ्या होतो. बायांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती. तू हातात नारळ घेऊन, कपाळभर कुंकू. पहिल्या फेरीत जागा चिंचमाळाच्या बायांना, असं दवंडी पिटून सांगितलं होतं. ट्राम आली ती गच्च भरून. समितीचे लोक, त्यांचे जावई, कंपनीचा माणूस, फेटे बांधलेली मंडळी. तुला एकटीला आत घेतलं, दांडा धरून उभं राहायला, फोटोसाठी. आम्ही मागून चालत निघालो. चढ निम्मा झाला आणि ट्राम कण्हल्यासारखी झाली, दिवे मालवले, थांबली.

तू पहिली खाली उतरलीस. सभापतींनी खिडकीतून कोपर बाहेर काढलं. "बायांनो, जरा हात लावा. तुमचीच गाडी आहे."

आपण हात लावले. हललं नाही काही. मग तू वर पाहून ओरडलीस, तुझ्या त्या नाका हलवणाऱ्या आवाजात, "साहेब, तुमी समदे उतरला तर आर्दी गाडी हलकी हुईल की!"

बायका हसल्या. आतून उत्तर आलं, आणि ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "अहो, मुहूर्तावर बसलोय. पोचायच्या आधी उतरणं अशुभ असतं."

एकही जण उतरला नाही, अक्का. फेटे सावरून बसून राहिले. विड्या वळणाऱ्या, रात्रीच्या जेवणात अंबाडीची पुंटीकूर आणि भाकरी खाणाऱ्या, धुळीने छाती भरलेल्या बायकांनी त्यांना ढकललं, आणि ते बसून राहिले. दोन हात पुढे गेली ट्राम, दोन हात मागे आली. शेवटी ड्रायव्हरने ब्रेक दाबत दाबत ती मागे नाक्यापर्यंत उतरवली. खाली येताना सभापती लोकांना हात हलवत होते. तू रस्त्याच्या कडेला बसलीस, नारळ मांडीवर. मी पाणी आणलं. तू घोटभर घेतलंस आणि म्हणालीस, "लई जड हाय गं ट्राम. रेती बरी हुती." नारळ तू फोडला नाहीस. घरी नेऊन चटणीत घातलास.

दिवाळीच्या आधी समितीचा निर्णय आला. चिंचमाळाचा चढ बॅटरीच्या आवाक्याबाहेरचा असल्यामुळे लाइन तिकडे वाढवता येत नाही. ट्राम स्टेशनवरून गावाच्या दुसऱ्या टोकाला, नव्या बंगल्यांच्या कॉलनीपर्यंत जाईल, कारण तो रस्ता सपाट आहे. त्या कॉलनीत दारोदार स्कूटरी आहेत, आणि उरलेले प्लॉट कुणाकुणाच्या नात्यातले आहेत ते सोलापुरात पान खाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वाळूच्या गोण्या चढल्या होत्या ते समितीतले सगळे विसरले. चढ तोच होता. ट्राम तीच होती.

मी पत्रक लिहायला घेतलं. तुला वाचून दाखवायला कारखान्यात आले. तू विड्या द्यायच्या रांगेत होतीस, टोपली कमरेला.

"मिरवणुकीचं लिहिते अक्का. वीज त्यांनी वरातीत संपवली."

"लिही. मग ते काय म्हनतील?"

"काय म्हणणार?"

"म्हनतील, मशीन कुनी बंद ठिवलं? शिवप्पानं. मग शिवप्पा घरी. सभापती घरी जात न्हाईत गं, शिवप्पाच जातो. तुला काय, तू दुसरं पत्रक लिहिशील."

"पण त्यानं बंद ठेवलं होतं हे खरंच आहे."

"मी बी ठिवली हुती की कातर. खंडेनवमीला पान कापलो का आमी? तू आलीस का मला इचारायला, अक्का, तुझ्यामुळं कारखाना बंद पडला म्हनून?"

"कातर आणि चार्जर एक नाही."

"आमच्या हाताला दोनी हत्यारच."

मी चिडले. मागच्या बाया कान देऊन ऐकत होत्या. मी म्हटलं, तू अशी गप्प बसवशील तर खोटंच खरं होऊन बसेल, चढाचीच चूक ठरेल, लाइन कधीच येणार नाही, मग खरं सांगणार कोण? तू टोपली या कमरेवरून त्या कमरेवर घेतलीस.

"खरं कुटं पळून चाललंय? शिवप्पा सोताच्या तोंडानं सांगंल तवा सांगंल. तू त्याच्या तोंडात हात घालून काडू नगंस."

एवढ्यात तुझा नंबर आला. तू आत गेलीस. मला छापखान्यात दुसऱ्या कामाला जायचं होतं, मी गेले. त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर होतं अक्का. छापखान्यात पोचेपर्यंत ते मी चांगलं धारदार करून ठेवलं होतं. ते आता कुणाला देऊ? आणि खरं सांगू, तुझ्यासमोर ते टिकलं असतं की छाटात गेलं असतं, हेही मला आता सांगता येत नाही.

दिवाळीची सुटी संपली आणि तू पान आणायला गेलीस. परतताना चढावर, निम्म्यात, कडेच्या दगडावर बसलीस. तू तिथे नेहमीच बसायचीस. बायांना तू हातानेच खूण केलीस, व्हा म्होरं. त्या पुढे झाल्या. वर पोचून वळून पाहिलं तरी तू बसलेलीच. त्या खाली आल्या तेव्हा पान डोक्यावरून काढून शेजारी ठेवलेलं होतं, पोतं ओलंच होतं, आणि तुझ्यात जीव नव्हता. हातगाडी आणून तुला नेलं. खाली नाक्यावर मोटार रोजच्यासारखी वळत होती.

ट्रामने तुला मारलं असं मी लिहिणार नाही. तू असतीस तर तूच मला फैलावर घेतलं असतंस की फुकटचं वाढवून सांगू नकोस. डॉक्टर म्हणाले हृदय. असेल. छाती आधीच गेलेली होती. पण त्या छातीला रोज तो चढ चढायला लावायचा की नाही, हे माणसांच्या हातात होतं, आणि त्या माणसांनी फेटे सावरत ठरवलं की लावायचा. यापेक्षा जास्त मी म्हणत नाही. यापेक्षा कमी म्हणायला कुणी सांगू नये.

तू आणलेलं पान सुकायच्या आत बायांनी आपसात वाटून घेतलं. सुतक कुणी पाळलं, कुणी नाही, पण तुझ्या दारात बसून सगळ्यांनी तुझ्या विड्या वळल्या आणि तुझ्या टोपलीतून नेऊन दिल्या. मीही वळायला बसले. तू मला शिकवलेलं होतंस ना, पान कसं ओढून धरायचं ते. माझ्या सगळ्या विड्या बायांनी तिथल्या तिथे छाटल्या. तू असतीस तर जे बोलली असतीस ते एकीने तुझ्या आवाजात बोलून दाखवलं, आणि आम्ही हसलो, तुझ्या दारात, तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी. तुझे मानायचे आभार असे कुठे कुठे राहून गेलेत. वळायला शिकवलंस म्हणून नव्हे, ते मला आलंच नाही. माझ्या कागदात तंबाखू नाही हे तोंडावर सांगणारी तू पहिली. बाकीचे सगळे 'छान लिहिता हो' म्हणायचे.

आणि शोकसभा. चिंचमाळाला न कळवता, गावातल्या हॉलमध्ये, कपबशीतून चहा. शेवटी सभापतींनी जाहीर केलं की लक्ष्मीबाईंची स्मृती चिरंतन राहावी म्हणून ट्रामच्या शेवटच्या थांब्याला त्यांचं नाव देण्यात येईल. टाळ्या पडल्या. मला आधी समजेचना. मग समजलं. शेवटचा थांबा म्हणजे बंगल्यांची कॉलनी. जिथे तू कधी गेली नाहीस, जिथे तुझं कुणी नाही, जिथली लाइन तुझ्या दारावरून उचलून नेली, तिथे खांबाला तुझं नाव. तेही चुकीचं. उद्या त्या कॉलनीतली बाई रिक्षावाल्याला सांगेल, लक्ष्मीबाई थांब्याजवळ सोडा. अक्का, मेलेल्या माणसाकडून इतकं काम करून घेणारी माणसं मी पाहिली नव्हती.

तुझ्या दहाव्याला शिवप्पा आला. गर्दी पांगेपर्यंत कोपऱ्यात उभा होता. मग माझ्यापाशी येऊन म्हणाला, "बाई, माझं नाव घाला."

मी म्हटलं, "कशात?"

"तुमी लिवता त्यात. पूजा मी केलो. बटन मीच बंद केलो. आणि साहेबास्नी हात जोडून सांगितलो होतो, सरळ जावा, फिरवू नका. ते बी घाला. दोनी घाला. पूर्ण चार्ज करून द्या मला, मी टाकीपर्यंत नेऊन दाखवतो, सगळी माणसं बसवून."

"नोकरी जाईल शिवप्पा."

"जाईल. शेडमधली मानसं म्हनायलेत, तुला काडले तर आमी बी पाने खाली ठेवतो. ठेवतील का न्हाय, देव जाने. पन अक्का माझ्यापायी गप बसली हुती. हे मला काल माझी बायको सांगितली. मला ठावंच नव्हतं."

तेव्हा अक्का, त्याच्या तोंडात मी हात घातलेला नाही. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय आणि मी उतरवून घेतलंय. तुझी अट मी पाळली. तुझं म्हणणं बरोबर होतं की माझं, यावर मी अजून भांडायला तयार आहे, पण तुझ्याशी बोलणं आता इथे थांबवते, कारण तू काही करू शकत नाहीस आणि हे वाचणारे करू शकतात.

वाचणाऱ्या भल्या माणसांनो, ऐका. येत्या रविवारी सकाळी बंगल्यांच्या कॉलनीत ती पाटी लावतील. हार घेऊन तिथे जाऊ नका. स्टेशनवर या आणि ट्राममध्ये बसा. रीतसर तिकीट काढा. जेवढे मावतील तेवढे बसा, म्हाताऱ्यांना जागा द्या. शेवटच्या थांब्यावर कंडक्टर घंटा देईल आणि उतरा म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नका, तो आपलाच आहे. त्याला एवढंच सांगा की ट्राम शेडला न्या, शिवप्पाच्या हातून पूर्ण चार्ज करा, मग चिंचमाळाच्या चढाला लावा, तोवर आम्ही आतच बसतो. पोलीस आले तर त्यांनाही हेच सांगा. सभापती आले तर त्यांना सरकून जागा द्या. दुपार होईल, भूक लागेल, घरचे बोलवायला येतील. उतरू नका.